एकोणीस जणींची रिकामी बस

"तुमची बस रिकामी येते, मेडम," असं सिद्धलिंगप्पा सर म्हणाले तेव्हा मी टाइम ऑफिसच्या खिडकीत बसून एकोणीस नावांपुढे एकोणीस खुणा करून नुकतीच पेनाला टोपण लावत होते. ते रागानं म्हणाले नाहीत, त्यांचा तो स्वभावच नाही. आभाळ भरून आलंय म्हणावं तसं म्हणाले, आणि कानडीत म्हणाले, त्यामुळे ते आणखीच मऊ वाटलं. महिन्यापूर्वी ते आमच्या कारखान्याचे मॅनेजर म्हणून आले. शनिवारी हैदराबादला घरी जातात, सोमवारी सकाळी आपली गाडी चालवत हुमनाबादला परततात. "मन्नाएखेळ्ळीपासून जुन्या नाक्यापर्यंत तुमच्या बसच्या मागंच होतो," ते म्हणाले. "गेल्या सोमवारीही होतो. आत एक डोकं दिसत नाही. पुढं ड्रायव्हर, दाराशी तुम्ही उभ्या, बाकी सगळ्या सीटा मोकळ्या. बायका जीपनं येत असतील तर येऊ देत, पण मग बस कशाला चालवायची? बसचा अर्धा खर्च सरकार देतं. गुरुवारी मला त्यांना रिपोर्ट पाठवायचा आहे. गरज नाही असं लिहिलं तर एक तारखेपासून बंद होईल." मी म्हटलं, "सर, सगळ्या बसनंच येतात." ते म्हणाले, "मग दिसत का नाहीत?" पाचच मिनिटांपूर्वी त्या एकोणीस जणी माझ्या डोळ्यांदेखत बसमधून उतरल्या होत्या, चपला काढून, डोक्याला रुमाल बांधून आत गेल्या होत्या, आणि आता भिंतीपलीकडून त्यांच्या शिलाई मशीनचा आवाज येत होता. शाळेतल्या पोरांचे सदरे शिवत होत्या. तरी मला क्षणभर वाटलं की सर म्हणतात ते खरं असेल, आत कोणी नसेलच, मशीन आपोआप चालत असतील, आणि मी चार महिने नुसत्या नावांपुढे खुणा करत असेन.

दिवसभर मी अशीच अर्धवट होते. माणूस खोटा ठरला तर रागावता येतं, पण माणूस नाहीच असं कोणी म्हणालं तर काय करायचं असतं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. डबा खाताना मी स्वतःचा हात निरखून बघितला. हात होता. नखाला काल भाकरीचं पीठ लागलेलं, तेही होतं. चाकणला मी सहा वर्षं एका कंपनीत होते, तिथं माझा नंबर चारशे सात होता आणि लाइनवरचा माणूस मला चारशे सात म्हणूनच हाक मारायचा. तेव्हा मला कधी असं वाटलं नाही. तिथं आपण कोणी नाही हे पहिल्या दिवशीच कळलेलं असतं, त्यामुळे एक प्रकारचा निवांतपणा असतो. इथं मात्र मी राजश्री होते. टाइम ऑफिसातली, गुंडेराव गवंड्याची मुलगी. हा कारखाना उघडतोय, आपल्या गावापासून बस देणार आहेत, हजेरीसाठी शिकलेली बाई पाहिजे, असं कळलं तेव्हा चाकणची नोकरी सोडून मी आले. नवरा अमरदीप तिथंच राहिला. तो सावध माणूस आहे, नदीत उतरताना आधी काठीनं तळ बघतो. म्हणाला, "तुझं तिथं टिकू दे, संक्रांतीला मी बी येतो." दर रविवारी फोनवर तो आधी माझी तब्येत विचारत नाही, "बस चालू हाय न्हवं?" असं विचारतो. मला त्याचा राग येत नाही. गाव मन्नाएखेळ्ळीच्या आत चार किलोमीटर, तिथून हुमनाबाद पंचवीस. सकाळी सातला त्या रस्त्यानं दुसरं काही येत नाही. बस गेली तर या एकोणीस जणींची नोकरी गेली, आणि नोकरी गेली की मुकादमाचा ट्रक येणार. दिवाळी नुकतीच झाली होती. ट्रक येण्याचे दिवस हेच. गेली तीस-चाळीस वर्षं आमच्या गावातली निम्मी घरं या दिवसांत कुलपं लावून पुण्याकडं जात आली. यंदा एकोणीस घरांना कुलूप लागलं नव्हतं, आणि संध्याकाळी गावात शिरताना इतके दिवे दिसायचे की मला उगीच सण असल्यासारखं वाटायचं.

मंगळवारी मला उशीर झाला, आणि तो आमच्या आप्पामुळं झाला. आप्पाला बहात्तरावं चालू आहे. पुण्यात त्यांनी किती भिंती उभ्या केल्या याचा हिशेब त्यांना स्वतःला नाही, पण आता जावई येणार म्हणून ते घरामागं एक खोली बांधायला लागलेत. एकटेच. रोज दोन थर, जास्त नाही. "घाई केली की भिंत रुसते," म्हणतात. त्या दिवशी मी चप्पल घालत होते तेवढ्यात त्यांनी हाक मारली, "राजे, एवढा ओळंबा धर गं." ओळंब्याची दोरी धरली की तो लंबक थांबेपर्यंत माणसानं श्वाससुद्धा जपून घ्यायचा असतो. तो थांबेना. आप्पा एक डोळा मिटून बघत राहिले, मी दोरी धरून राहिले, आणि गावाच्या वेशीत बसचा हॉर्न वाजून गेला. मग मी तिप्पण्णाला, म्हणजे आमच्या ड्रायव्हरला, फोन केला की फाट्यावर गाठते. शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर कालव्याच्या वाटेनं फाटा गाठला आणि चहाच्या टपरीजवळ उभी राहिले. चार महिन्यांत पहिल्यांदाच मी आमची बस बाहेरून येताना बघणार होते. तुरी पिवळ्या फुलल्या होत्या. त्या पिवळ्यातून बस वळली, आणि उन्हात तिच्या काचा लख्ख दिसल्या. बस रिकामी होती. पहिल्या खिडकीतून शेवटच्या खिडकीपर्यंत आरपार दिसत होतं, पलीकडचं बाभळीचं झाडसुद्धा. सगळ्या सीटा मोकळ्या. आणि त्या रिकाम्या बसमधून हसण्याचा नुसता धबधबा येत होता. टपरीवाला कप विसळताना थांबला. तो म्हणाला, "रोज अशीच जाती बगा, अक्का. मानसं न्हाईत आन् हासू येतंय. मी सकाळी सकाळी तिकडं बघतच न्हाई."

दार उघडलं, मी आत चढले, आणि चार महिने जे रोज बघत होते ते मला पहिल्यांदा दिसलं. ही बस आधी एका कॉलेजची होती. मागच्या दोन रांगा काढून तिथं कापडाचे गठ्ठे ठेवायला मोकळी जागा केलेली आहे. त्या जागेत सतरंजी टाकून बारा-तेरा जणी मांडीला मांडी लावून बसलेल्या, उरलेल्या मधल्या वाटेत एकीमागं एक, पाय पुढं पसरून. कोणी मेथी निवडतंय, कोणी दुसरीची वेणी घालतंय, मधोमध शेंगदाण्याच्या चटणीचा डबा फिरतोय. राजूबाई, त्यांच्यातली सगळ्यात मोठी, साठीला टेकलेली, गठ्ठ्याला पाठ लावून महाराणीसारखी बसलेली. पुढं चोवीस सीटा, आणि त्यांवर तिप्पण्णानं घातलेली नवी कव्हरं, कव्हरांवरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा न काढलेला. मी रोज दाराशी दांडा धरून उभी राहायचे, मागं वळून नजरेनं डोकी मोजायचे, खुणा करायचे. त्या खाली बसल्यात हे मला कधी दिसलं नाही, कारण बायका जमल्या की खालीच बसतात. घरात, ओसरीवर, बारशाला, विहारात. त्यात बघण्यासारखं काय? एक गोष्ट मात्र त्या सकाळी लक्षात आली आणि मला बरं वाटलं. गावात राजूबाईच्या गल्लीचा नळ वेगळा आणि आमच्या वस्तीचा वेगळा आहे, अजून. पण त्या सतरंजीवर राजूबाईचं डोकं आमच्या वस्तीतल्या सुनेच्या मांडीवर होतं आणि ती तिचे पांढरे केस उपटत होती.

"वर कामून बसत न्हाई गं तुम्ही?" मी विचारलं. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी एवढी शिकलेली, आणि असं काहीतरी विचारते. राजूबाई म्हणाली, "वर बसून काय करायचं? एकमेकीचे आंबाडे बगायचे?" दीपमाला, तिची धाकटी सून, म्हणाली, "त्ये प्लॅस्टिक करकर वाजतंय, अक्का. आन् पहिल्या दिवशी आण्णा वराडले न्हाईत का, शीट खराब हुतील म्हनून." पुढून तिप्पण्णा ओरडला, "मी पाय पुसा म्हन्लोय! शीटवर बसू नका असं कवा म्हन्लो?" त्याचा आवाज दुखावलेला होता. मग मी त्यांना सांगितलं की साहेबांना बस रिकामी दिसली, आणि गुरुवारपर्यंत भरलेली दिसली नाही तर एक तारखेपासून नाही. मेथी निवडणारे हात थांबले. चटणीचा डबा कोणीतरी झाकला. तेवढ्यात नाका आला, हुमनाबाद आलं, आणि सगळ्या उतरल्या. मी सरांकडे जाऊन खरं काय ते सांगितलं, मनात म्हटलं आता ते हसतील आणि विषय संपेल. ते हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "खाली बसून येतात? सीट असताना? मेडम, हे तर जास्त वाईट. उद्या कोणी लिहिलं की कारखाना बायकांना जमिनीवर बसवून आणतो, तर?" त्यांचं काही चुकत नव्हतं. "मी गुरुवारी नाक्यावर थांबतो. बस येताना फोटो काढायचा आहे, सरकारला रस्त्यावरचा फोटो लागतो, वेळ आणि जागा छापलेला. गेटवरचा चालत नाही, गेटवर काय, चालत आलेल्याही दिसतात. खिडकीत माणसं दिसली पाहिजेत." मग म्हणाले, "दिसली तर मलाही आनंदच आहे हो."

त्या संध्याकाळी आप्पांना हे सगळं सांगितलं. मला वाटलं ते पोट धरून हसतील. ते हातातली सिमेंट लागलेली करणी पाण्यात खळबळून धूत राहिले आणि म्हणाले, "डोकी खाली." मी म्हटलं, "काय?" तर म्हणाले, "इसरलीस व्हय? तू बी हुतीस की ट्रकात." आणि मला ते आठवलं. आठवलं म्हणण्यापेक्षा मानेला आधी कळलं. मी सहा वर्षांची, तांबडं फुटायच्या आधीची वेळ, ट्रकमध्ये आमच्या गावची चाळीस माणसं, मध्ये भांडी, पिठाची पोती, दोन शेळ्या. मालाच्या ट्रकात माणसं न्यायला परवानगी नसायची. हुमनाबादच्या अलीकडं नाका आला की मुकादम केबिनच्या पत्र्यावर तीन थापा मारायचा आणि म्हणायचा, डोकी खाली. चाळीस माणसं एका दमात खाली. आईचा हात माझ्या डोक्यावर यायचा आणि मी पिठाच्या पोत्यात तोंड खुपसायचे. ट्रक थांबायचा, बाहेर कोणीतरी कागद मागायचं, कोणीतरी हसायचं, ट्रक सुटायचा. बाहेरच्या माणसाला ट्रक रिकामा दिसायचा. कदाचित दिसत नव्हता, पण रिकामा आहे असं सगळ्यांचं ठरलेलं होतं. नाका गेल्यावरही कोणी वर उठून बसत नसे, कारण फळी उंच असायची आणि उभं राहिलं की वारा लागायचा. त्यामुळे पुण्याचा रस्ता मला आभाळावरून पाठ होता. आधी तारा वरखाली होतात, मग झाडांचे शेंडे येतात, मग बराच वेळ नुसतं निळं, मग पुन्हा तारा, आणि धुराचा वास आला की उतरायचं. त्या रस्त्याला कडेला गावं आहेत, ढाबे आहेत, उसाचे फड आहेत, एक तळं आहे, हे मला अठराव्या वर्षी लाल बसनं जाताना कळलं, आणि मी त्या दिवशी खिडकीला नाक लावून लहान पोरासारखी बसले होते.

देश पुढं जातो असं लोक म्हणतात. भाषणात म्हणतात, कारखान्याच्या उद्घाटनाला तर फारच म्हणतात. तो नेमका कशात बसून जातो ते मला त्या रात्रीच्या जेवणावर पहिल्यांदा सुचलं आणि भाकरी हातात तशीच राहिली. तो आमच्या ट्रकात बसून गेला होता, डोकी खाली घालून. पुण्यातल्या उंच उंच इमारती, त्यातल्या कंपन्या, त्यांतून जे काय निघून जगभर गेलं ते, हे सगळं त्या पिठाच्या पोत्यांशेजारी बसलं होतं. आणि आता सरकारनं इथं जमीन दिली, कोणीतरी कारखाना घातला, बस दिली, बसला चोवीस सीटा दिल्या, आणि म्हणतं की खिडकीत या, आम्हाला तुमचा फोटो पाहिजे. इतकी वर्षं लपा म्हणणारं आणि आता दिसा म्हणणारं एकच सरकार. मला याचा राग यायला हवा होता. पण खरं सांगते, मला गंमत वाटली. सासुरवास केलेली सासू म्हातारपणी सुनेला म्हणते ना, ये गं, माझ्याजवळ बस, तशी. सुनेनं तेव्हा काय करावं? मी असते तर बसले असते. जागा मिळते आहे, जवळची आहे, रुसवा नंतर बघू.

बुधवारी मी पाटीभर लिंबं घेऊन बसमध्ये चढले, कारण आदल्या संध्याकाळी परतताना आता वर बसायचं ठरलं होतं, आणि तिघींना वर बसलं की मळमळतं असं त्यांचं म्हणणं होतं. तिप्पण्णानं माझ्या देखत पहिल्या सीटवरचा प्लॅस्टिकचा कागद टरकन फाडला. माणूस जणू स्वतःची कातडी सोलत होता. मग त्याला त्यातच मजा यायला लागली आणि त्यानं चोविसाव्या सीटपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. बायका वर बसल्या. दोघी दोघी, पदर सावरून, हात मांडीवर, लग्नाच्या फोटोला बसल्यासारख्या. बस निघाली आणि एकदम शांत झाली. इंजिनाचा आवाज इतका मोठा आहे हे मला तेव्हा कळलं. समोर फक्त पाठी आणि आंबाडे. राजूबाईचं म्हणणं अगदी खरं होतं. आपण फोटोसाठी यांचं हसणं मोडून टाकलं असं वाटलं, आणि आता मी म्हणणार होते की जाऊ दे, बसा खाली, बघू काय होईल ते होईल. तेवढ्यात राजूबाई उठून उभी राहिली आणि खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाली, "अगं, ही माझी तूर." तिनं ती तूर स्वतः पेरली होती, खुरपली होती, रोज संध्याकाळी तिच्यातून चालत जायची. पण वरून, लांबून, अशी एका तुकड्यात सगळी फुललेली तिनं कधी बघितली नव्हती. "केवढी दिसतीया," ती म्हणाली. आणि पुढच्याच क्षणाला तिचा आवाज बदलला. "आन् ह्यो ग्यानबा माझा बांध कोरायलाय." खरंच, बांधाच्या कडेला वाकून तिचा भाऊबंद ग्यानबा कुदळ चालवत होता, निवांत, कारण सातची बस रिकामी जाते आणि राजूबाई कामाला गेली हे त्याला पक्कं ठाऊक. राजूबाईनं काच सरकवली आणि गळा काढून हाक दिली, "ग्यानबा! दिसायलास बरं का मला!" ग्यानबाच्या हातून कुदळ पडली. त्यानं आभाळाकडं बघितलं. सगळी बस अशी हसली की तिप्पण्णाला गाडी हळू करावी लागली. त्यानंतर कोणाला खिडकी सोडवेना. हे माझं माहेर दिसतं का गं, तो कळस कुठला, हा ओढा इतका वाकडा आहे होय. आयुष्यभर ज्या रस्त्यानं गेल्या-आल्या तो त्यांनी त्या दिवशी बघितला. मळमळ कोणालाच झाली नाही. लिंबं मी पिशवीत घालून परत आणली, पाटी बसमध्येच राहिली, आणि आप्पांनी त्यांचं लोणचं घालायला लावलं.

गुरुवारी सगळ्या नव्या साड्या नेसून आल्या. फोटो निघणार म्हणून दीपमालानं गजरे आणले होते, बिदरच्या बाजारातून, कोणाच्या तरी हाती सांगून. एकोणीस जणी बसल्या, उंच असतील त्या आतल्या बाजूला, ठेंगण्या खिडकीला, ही वाटणी माझी. मी दाराशी दांडा धरून उभी राहिले. राजूबाईशेजारची खिडकीची जागा मोकळी होती. तिनं माझा हात धरला. "तू कामून हुभी? तूबी बस की." मी म्हटलं, "मला दाराशी राहावं लागतंय." ती म्हणाली, "दार काय पळून जातंय व्हय?" आणि ओढलंच. मी बसले. त्या बसमध्ये मी पहिल्यांदाच बसत होते. रेक्झिन गार होतं, खिडकीतून तुरीचा वास येत होता, राजूबाईच्या गजऱ्याचा येत होता, आणि माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती की आज रविवार नाही तरी अमरदीपला फोन करायचा. हमरस्ता लागला, लॉऱ्या लागल्या. बायका गाणं म्हणायला लागल्या, बाबासाहेबांचं एक, मग राजूबाईनं नागपंचमीचं एक काढलं, कोणी कोणाच्याही गाण्यात सूर धरत होतं. आणि मग नाका दिसला. नाका म्हणजे तिथं आता काही नाही, तो उठून वर्षं झाली, एक पत्र्याचं शेड तेवढं गंजत उभं आहे. त्या शेडच्या सावलीत सिद्धलिंगप्पा सर उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, एका हातात कागद. त्यांनी दुसरा हात वर केला, फोन धरलेला. एवढंच. कोणी पत्र्यावर थाप मारली नाही, कोणी काही बोललं नाही, आणि एकोणीसच्या एकोणीस डोकी खटकन खाली गेली.

माझंही गेलं. हे मला कळलं तेव्हा माझं कपाळ पुढच्या सीटच्या पाठीला टेकलेलं होतं आणि राजूबाईचा हात माझ्या डोक्यावर होता, आईचा असायचा तसाच, दाबून धरलेला. मी सहा वर्षांची नव्हते. मी छत्तीस वर्षांची, पगारी, टाइम ऑफिसातली बाई होते आणि माझ्या मानेनं मला विचारलंसुद्धा नव्हतं. सीटांच्या खालच्या अंधारात मला सगळ्यांचे पाय दिसत होते, जोडवी, चपला, नव्या साड्यांचे काठ, आणि वाकून वळलेल्या माना. वाटेच्या पलीकडून दीपमाला माझ्याकडं बघत होती. तिनं ट्रक फार तर दोनदा बघितला असेल, तरी तिचंही डोकं गुडघ्यात. संपलं, मला वाटलं. सरांच्या फोटोत रिकामी बस आली असणार, वेळ आणि जागा छापून. अमरदीपची संक्रांत गेली, आप्पांची खोली गेली. आणि तेवढ्यात, कसं सांगू, हसू वर यायला लागलं. आधी मी ओठ दाबले. समोर दीपमालाचे खांदे हलायला लागले. तिप्पण्णानं आरशात बघितलं असावं, कारण बसला असा ब्रेक लागला की लिंबाची रिकामी पाटी गडगडत पुढं गेली. "अक्का!" तो किंचाळला, "कुटं गेला सगळ्याजनी?" मग माझ्या डोक्यावरचा हात उचलला गेला. राजूबाई सावकाश सरळ झाली, गजरा नीट केला, आणि तिच्या त्या खड्या आवाजात म्हणाली, "नाका कवाच गेला गं बायांनो. आपला सायेब हाय त्यो. बगा वर."

एकेक डोकं वर आलं. मी काचेतून बघितलं तेव्हा सर बसच्या कडेनं चालत येत होते, तोंड अर्धवट उघडं, फोन छातीशी धरलेला. त्यांच्यासमोर रिकाम्या खिडक्यांतून माणसं उगवत होती, आणि उगवली ती सगळी हसत होती. नुसती हसत नव्हती, डोळे पुसत होती, एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होती. राजूबाईनं त्यांना हात केला. मग सगळ्यांनीच केला. सरांनी आधी मागं बघितलं, आपल्याच मागं कोणी आहे की काय म्हणून, आणि मग फोन वर धरला. त्यांचाही हात हलत होता, ते हसत होते, आणि एक लॉरीवाला हॉर्न वाजवत निघून गेला.

अकरा वाजता ते टाइम ऑफिसच्या खिडकीशी आले. "रिपोर्ट पाठवला," म्हणाले. "बस राहील." मी उठून उभी राहिले आणि तिथूनच अमरदीपला निरोप टाकला, बस राहील, एवढाच. त्याचं लगेच उलट आलं: जानेवारीची वाट बघत न्हाई, म्हैना संपला की निघतो. मी ते दोनदा वाचलं. आप्पांना आता रोज चार थर घालावे लागणार होते. सर अजून तिथंच उभे होते. "एक चूक आहे पण," ते म्हणाले. "रिपोर्टात मी वीस लिहिलंय. तुमच्या कागदावर एकोणीस आहेत." मी म्हटलं, "सर, एकोणीसच येतात, मी रोज मोजते." त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. बस, पांढरी, उन्हातली, आणि प्रत्येक खिडकीत माणसं. त्यांनी बोटानं एकेक चेहरा मोजत नेला. तिसऱ्या खिडकीत राजूबाई होती, आणि तिच्याशेजारी एक बाई, केस विस्कटलेले, कपाळावर सीटच्या शिवणीचा लाल वळ, डोळ्यांत पाणी, सगळे दात दिसतील असं हसणारी. तिला मी कुठंतरी बघितलं होतं. "ही कोण?" मी विचारणार होते, तेवढ्यात माझा हात माझ्याच कपाळाकडं गेला.

"विसावी," सर म्हणाले. "सरकारला आकडा गेलाय, आता तुमचा कागद दुरुस्त करा." आणि ते कानडीत काहीतरी गुणगुणत आत गेले. भिंतीपलीकडं मशीन चालू होती आणि मशीनच्या वर राजूबाईचा आवाज येत होता, ग्यानबाच्या कुदळीची गोष्ट ती नव्या कोणाला तरी सांगत होती. मी पेनाचं टोपण काढलं आणि एकोणीस नावांखाली माझं नाव लिहिलं.